लीशान पर्वत आणि हुआछिंग महाल: शिआनच्या सहलीत पूर्ण दिवस द्यावा असे ठिकाण

चीनमधील शिआन शहराला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या मनात, पहिल्या चिनी सम्राटाच्या थडग्याजवळ सापडलेल्या मातीच्या सैनिकांच्या दालनापलीकडे फारसे काही नसते आणि सहल कंपन्यांचे कार्यक्रमही त्याच समजुतीवर आखलेले असतात. सकाळी सैनिक, दुपारी जेवण आणि परतीच्या वाटेवर लीशान पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या हुआछिंग महालात छायाचित्रे काढण्यापुरता थांबा, असा त्यांचा साचा ठरलेला आहे. सहलीसोबत गेलो तेव्हा आम्हालाही तेवढाच वेळ मिळाला. डोंगरावर जाणारा रोपवे खालूनच पाहावा लागला आणि वर जाऊन येऊ का असे विचारल्यावर ‘ते कार्यक्रमात बसत नाही’ असे उत्तर मिळाले. म्हणून नंतर सवड काढून मेट्रोने पुन्हा तेथे गेलो आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत तेथेच राहिलो. त्या दिवसाच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. शिआनमध्ये मुक्काम दोन दिवसांहून अधिक असेल, तर त्यातला एक पूर्ण दिवस लीशानला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सम्राटांच्या इतक्या कथा एकाच डोंगराला चिकटलेल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती खरी, कोणती रचलेली, हे त्याच डोंगरावर चालता चालता तपासून पाहता येते, अशी जागा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

लीशान हा छिनलिंग पर्वतरांगेतून उत्तरेकडे आलेला एक फाटा असून त्याची सर्वाधिक उंची १३०२ मीटर आहे. शिआनच्या पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर लिन्तोंग नावाचा भाग आहे आणि त्याच्या अगदी पाठीला हा डोंगर उभा आहे. त्याचा उत्तरेकडचा उतार गर्द झाडीने झाकलेला आहे आणि त्या उताराच्या तळाशी ४३ अंश सेल्सिअस तापमानाचे गरम पाणी जमिनीतून वर येते. या डोंगराचे राजकीय महत्त्व त्या पाण्यामुळे वाढले. शिआन परिसरातील तेव्हाच्या राजधानीपासून एका दिवसाच्या अंतरावर, थंडीच्या दिवसांत, आपोआप गरम राहणारे पाणी असल्यावर राजे तेथे येणारच. चौ, छिन, हान आणि तांग या चारही घराण्यांच्या काळांतील राजांची नावे या पायथ्याशी जोडलेली आहेत.

जाण्याची सोय आता फार चांगली झाली आहे. मेट्रोचा नववा मार्ग डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून पहिल्या मार्गाने फांगचिछंग स्थानकापर्यंत जाऊन तेथे गाडी बदलली की हुआछिंग छी स्थानकावर उतरता येते. तेथून महालाचे प्रवेशद्वार जवळच आहे. आम्ही गेलो तेव्हा प्रवेशाचे तिकीट १२० युआन होते आणि त्यात महालाचा परिसर व पर्वत दोन्ही समाविष्ट होते. रोपवेचे तिकीट मात्र वेगळे काढावे लागते. तिकिटासाठी पासपोर्ट लागतो, म्हणून तो हॉटेलात ठेवून निघू नये.

आत शिरल्यावर सर्वांत आधी दिसतो तो तलाव, त्याच्या काठचे लाल खांबांचे मंडप आणि स्नानाच्या पवित्र्यात उभी असलेली, तांग सम्राट शुआनत्सोंगची लाडकी उपपत्नी यांग ग्वीफेई हिची पांढरी मूर्ती. सहलीतील बहुतेक मंडळी येथेच अडकतात. हा भाग सुंदर आहे, पण तो प्राचीन नाही. नऊ ड्रॅगनांचा हा तलाव आणि त्याच्या भोवतीच्या इमारती १९५९ साली तांग शैलीत उभारलेल्या आहेत. माहितीफलक वाचण्याची सवय नसलेला पर्यटक याच वास्तूंना तेराशे वर्षांपूर्वीचा महाल समजून परत जातो, ही खेदाची गोष्ट आहे, कारण खरा तांगकालीन अवशेष तेथून चार पावलांवर, छताखाली, जमिनीच्या पातळीखाली आहे.

तो अवशेष म्हणजे शाही स्नानकुंडांचे संग्रहालय. १९८२ साली येथे बांधकाम चालू असताना जुनी दगडी कुंडे उघडी पडली, त्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केले आणि १९९० मध्ये त्या कुंडांवरच संग्रहालय उभे राहिले. सम्राट ताइत्सोंगने ६४४ साली येथे पहिला मोठा तांग महाल बांधवला. त्याचे नाव पुढे ६७१ मध्ये बदलले आणि ७४७ साली शुआनत्सोंगच्या कारकिर्दीत त्याला हुआछिंग महाल हे आजचे नाव मिळाले. ताइत्सोंगचे कुंड ताऱ्यांचे कुंड म्हणून ओळखले जाते. येथे मराठी वाचकाला थोडे अधिक थांबावेसे वाटेल, कारण हा महाल बांधला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, ६४५ साली, ह्युएन त्संग भारतातून ग्रंथ घेऊन याच राजधानीत परतला होता. त्याने भारतप्रवासात महाराष्ट्र पाहिला होता, दुसऱ्या पुलकेशीचे राज्य पाहिले होते आणि तेथील लोक उपकार विसरत नाहीत व अपमान सोडत नाहीत असे वर्णन लिहून ठेवले होते. ते वर्णन ज्या सम्राटाच्या आज्ञेवरून लिहिले गेले, त्याचे हे कुंड आहे. शिआनमध्ये ह्युएन त्संगाशी संबंधित मोठा पॅगोडा सगळेच पाहतात, पण हा धागा तेथे कोणी सांगत नाही आणि येथेही त्याचा फलक नाही.

याच ताइत्सोंगने या झऱ्याच्या स्तुतीपर लेख स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून शिळेवर कोरवला होता. मूळ शिळा नष्ट झाली. तिचा कागदावर घेतलेला ठसा वायव्य चीनमधील तुनहुआंगच्या गुहांत सापडला आणि तो आता पॅरिसमध्ये आहे.

शुआनत्सोंगचे कमळाचे कुंड सुमारे १० मीटर लांब आहे, तर यांग ग्वीफेईचे कुंड साडेतीन मीटरच्या आसपास, चिनी सफरचंदाच्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या वळणदार काठाचे आहे. कठड्यावरून वाकून पाहिले की राखाडी निळ्या दगडाच्या चिऱ्यांची वळणे एकमेकांत किती काटेकोर बसवली आहेत ते दिसते. उतरण्यासाठी पायऱ्यांसारखा एक टप्पा आहे आणि काठाचा दगड काही ठिकाणी इतका गुळगुळीत झालेला आहे की तेथे माणसांचा वावर होता हे वेगळे सांगावे लागत नाही. कुंड इतके लहान असल्याचे मला फार आश्चर्य वाटले. कवितांनी आणि चित्रांनी जे स्नान इतके भव्य करून ठेवले, ते प्रत्यक्षात दोन माणसांनाही अवघडून बसावे लागेल एवढ्या जागेत झाले. प्रकाशयोजना मंद आहे, फलकांवरील इंग्रजी मजकूर त्रोटक आहे आणि दुपारी गटांची गर्दी झाली की मार्गदर्शकांच्या ध्वनिवर्धकांमुळे एकही वाक्य नीट ऐकू येत नाही. म्हणून सकाळी दार उघडताच आधी येथे यावे आणि तलाव नंतर पाहावा.

यांग ग्वीफेईची गोष्ट फलकांवर प्रेमकथा म्हणून लिहिलेली आहे. इतिहासात ती इतकी सरळ नाही. ती आधी शुआनत्सोंगच्याच एका मुलाची पत्नी होती. सम्राटाने ७४० साली तिला येथे बोलावून घेतले, लोकापवाद टाळण्यासाठी तिला काही काळ ताओ पंथाची संन्यासिनी केले आणि ७४५ मध्ये ग्वीफेई म्हणजे प्रमुख उपपत्नीचे पद दिले. तो तिच्याहून चौतीस वर्षांनी मोठा होता. दरवर्षी हिवाळ्यात सारा दरबार या पायथ्याशी हलत असे आणि ७५५ च्या अखेरीस आन लूशान या सेनापतीने बंड केल्याची बातमी आली तेव्हाही सम्राट याच महालात होता. पुढच्या वर्षी राजधानी सोडून पळताना मावेई येथे सैनिकांनी पुढे जाण्यास नकार दिला, यांग घराण्याला जबाबदार धरले आणि सम्राटाने तिला गळा आवळून मारण्यास संमती दिली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, ८०६ साली, पाय च्यूयी या कवीने या दोघांवर दीर्घ कविता लिहिली आणि आज आपण येथे जे पाहतो ते बहुतांशी त्या कवितेचे रूप आहे. मारली गेली ती, आणि राज्य बुडवल्याचा दोषही तिच्याच नावावर लागला, हे कुंडापाशी उभे राहिल्यावर मनाला लागते. सीमेवरची एवढी सेना एकाच सेनापतीच्या हाती सोपवण्याचा निर्णय तिचा नव्हता.

महालाच्या मागील बाजूस, डोंगराला टेकून, पाच खोल्यांची एक साधी बैठी इमारत आहे. ती चुकवू नये. १९०० साली आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगमध्ये शिरल्यावर पळून आलेली राजमाता त्सिशी येथे थांबली होती, आणि १९३६ च्या डिसेंबरमध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारचा प्रमुख च्यांग कै-शेक याचा मुक्कामही येथेच होता. त्याने जपानशी लढण्याऐवजी कम्युनिस्टांशी लढण्याचा हट्ट धरल्यामुळे त्याच्याच दोन सेनापतींनी, चांग शुएल्यांग आणि यांग हूछंग यांनी, १२ डिसेंबरच्या पहाटे या इमारतीला वेढा घातला. खिडकीच्या काचेला आणि भिंतीला पडलेली गोळ्यांची भोके जपून ठेवलेली आहेत. खोलीत मेज, पलंग आणि आंघोळीचा टब आहे, आणि सगळे इतके लहान व निराडंबर आहे की चीनच्या राजकारणाची दिशा येथे बदलली हे क्षणभर खरे वाटत नाही. च्यांग रात्रीच्या कपड्यांतच मागच्या भिंतीवरून उडी मारून डोंगरावर पळाला. या घटनेचा पुढचा भाग वर डोंगरावरच पाहायचा असतो आणि म्हणूनच केवळ महाल पाहून परतणाऱ्यांची गोष्ट अर्धी राहते.

आता रोपवे. लहान बंद डबे सतत फिरत असतात, चढउतार करण्यासाठी कर्मचारी हात देतात आणि ज्येष्ठ नागरिकांना कोठेही घाई केली जात नाही. रायगडच्या रोपवेने गेलेल्या माणसाला ही सफर सौम्य वाटेल. तेथे कडा अंगावर येतो आणि दरी एकदम पायाखालून निसटते, येथे मात्र डबा झाडांच्या शेंड्यांवरून तिरका आणि संथ सरकत जातो. उंचीची भीती असणाऱ्यांनीही बिनदिक्कत बसावे. चढताना पाठीमागे तोंड करून बसावे हे मात्र आवर्जून सांगेन, कारण दृश्य सगळे पाठीमागे आहे. आधी महालाची राखाडी कौले, मग तलाव, मग लिन्तोंगच्या इमारती आणि त्यापलीकडे वेई नदीचे सपाट खोरे, असे एकेक थर उलगडत जातात आणि राजधानीसाठी हेच खोरे पुन्हा पुन्हा का निवडले गेले ते नकाशाशिवाय समजते. हिवाळ्यात या खोऱ्यावर धुरके बसते. तेव्हा समोर पांढरा पडदा दिसेल आणि रोपवेचे निम्मे पैसे वाया गेल्यासारखे वाटेल. वारा किंवा पाऊस जोराचा असेल तर सेवा थांबवतात. तिकीट काढण्यापूर्वी वर नजर टाकून डबे फिरत आहेत ना हे पाहावे.

वर पोचल्यावर सर्व काही समोर मांडून ठेवलेले असेल अशी अपेक्षा धरू नये. पर्वताच्या पश्चिमेकडील सोंडेवर तीन शिखरे आहेत, त्यांवरची स्थळे दगडी पायऱ्यांनी जोडलेली आहेत आणि रोपवेतून उतरल्यावरही बरेच चढावे लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी एक शिखर निवडावे. मला निवड करावी लागली तर मी लीशानमातेच्या मंदिराची करीन.

लीशानमाता ही येथील लोकांची जुनी देवता असून तिला मानवजात घडवणाऱ्या न्यूवा देवीचे रूप मानतात. चिनी पंचांगाच्या सहाव्या महिन्यात तिची जत्रा भरते, तेव्हा अपत्यप्राप्तीचा नवस बोलायला आलेले लोक चादरी घेऊन येतात आणि रात्र डोंगरावरच काढतात. मंदिराच्या अंगणात उदबत्त्यांचा धूर दाटलेला असतो, लाल फितींवर नावे लिहून बांधलेली असतात आणि नमस्कार करणाऱ्या बायका पर्यटकांकडे लक्षही देत नाहीत. पायथ्याच्या राजवाड्यात कमावलेला सगळा थाट येथे गळून पडतो. येथे जे चालते ते कोणी पर्यटकांसाठी उभे केलेले नाही, आणि पूर्ण डोंगरावर मला सर्वाधिक जिवंत वाटलेली जागा हीच.

या डोंगराच्या देवीची एक कथा छिन शी हुआंगशी जोडलेली आहे. चीन एकत्र करणाऱ्या या पहिल्या सम्राटाला लीशानवर एक दिव्य स्त्री भेटली आणि त्याने तिच्याशी असभ्य वर्तन केले. ती त्याच्या तोंडावर थुंकली आणि त्याच्या अंगभर फोड आले. तो गयावया करू लागला तेव्हा तिने झऱ्याच्या गरम पाण्याने त्याला बरे केले. ज्या माणसाने राजे, ग्रंथ आणि विद्वान कोणालाच सोडले नाही अशी त्याची ख्याती आहे, त्याला लोकांनी कथेत तरी एका बाईपुढे हात जोडायला लावले. याच सम्राटाचे थडगे याच डोंगराच्या उत्तरेकडील पायथ्याशी आहे. मातीचे सैनिक त्या थडग्याच्या पूर्वेला सुमारे दीड किलोमीटरवर पुरलेले होते आणि १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. स्स-मा छ्येन या प्राचीन इतिहासकाराने थडग्यात पाऱ्याच्या नद्या असल्याचे लिहिले आहे आणि टेकाडाच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच जास्त आढळलेले आहे. लीशान पाहिल्यानंतर ते थडगे येथेच का, हा प्रश्न उरत नाही. पाठीशी हा पर्वत आणि पुढे नदी, अशी जागा त्याने मुद्दाम निवडली.

सोंडेच्या तिसऱ्या शिखरावर ताओ पंथाचा आद्य पुरुष मानल्या जाणाऱ्या लाओत्सेचे मंदिर आहे. तांग सम्राटांचे आडनाव ली होते आणि लाओत्सेचेही तेच मानले जात असल्यामुळे ते स्वतःला त्याचे वंशज म्हणवत. तेथे असलेली संगमरवरी मूर्ती शिआनच्या शिलालेख संग्रहालयात हलवलेली आहे, त्यामुळे ज्यांना मूर्तिकलेत रस आहे त्यांनी ती शहरातच पाहावी.

या सोंडेच्या सर्वांत उंच टोकावर आगीचा इशारा देणारा मनोरा आहे आणि बहुतेक पर्यटकांचे डोंगरावर येण्याचे कारण तोच असतो. कथा सर्वांना ठाऊक आहे. चौ घराण्याचा यौ राजा पाओसी नावाच्या राणीवर आसक्त होता. ती कधी हसत नसे. तिला हसवण्यासाठी राजाने शत्रू आल्याची खोटी आग पेटवली, सरदार धापा टाकत आले, त्यांची फजिती पाहून राणी हसली. पुढे खरा शत्रू आला तेव्हा आग पेटवूनही कोणी आले नाही आणि राजा लीशानच्या पायथ्याशी मारला गेला. राजाचा मृत्यू आणि इ. स. पू. ७७१ मध्ये पश्चिम चौ सत्तेचा अंत या गोष्टी खऱ्या आहेत. आगीची गोष्ट मात्र फार संशयास्पद आहे. विसाव्या शतकातील इतिहासकार छ्येन मू यांनी दाखवून दिले होते की आगीच्या इशाऱ्यांची अशी व्यवस्था नंतरच्या हान काळातली आहे आणि वेगवेगळ्या अंतरांवरचे सरदार एकाच वेळी पोचून एकाच वेळी फसणे शक्य नाही. २००८ साली छिंगहुआ विद्यापीठाला मिळालेल्या प्राचीन बांबूपट्ट्यांवरील इतिहासात ही आग कोठेच नाही. तेथे आहे ते एवढेच की राजाने आपल्याच पहिल्या मुलाविरुद्ध, त्याच्या आजोळावर सैन्य नेले आणि आजोळच्या बाजूने असलेल्यांनी शत्रूशी हातमिळवणी करून राजाला संपवले. म्हणजे वारसाहक्काचा संघर्ष होता, त्याचे खापर एका न हसणाऱ्या राणीवर फोडले गेले.

मनोऱ्यापाशी लावलेल्या फलकावर यातले एक अक्षरही नाही, आणि या परीक्षणातील माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. मनोरा आधुनिक काळात बांधलेला आहे, त्याचे चिरे नवे आहेत, त्याच्याभोवती छायाचित्रे काढून देणाऱ्यांची गर्दी आहे आणि येणारा प्रत्येक जण ‘हाच तो मनोरा’ असे समजून परततो. जागा व्यवस्थित राखलेली आहे, कठडे भक्कम आहेत, पिण्याचे पाणी विकत मिळते. पण एवढ्या जुन्या संस्कृतीने आपल्याच संशोधकांचे म्हणणे एका फलकावर लिहू नये हे मला पटत नाही. ज्या डोंगरावर यांग ग्वीफेईला आणि पाओसीला दोघींनाही राज्य बुडवणाऱ्या म्हणून उभे केले आहे, तेथे तर ते लिहिणे फार आवश्यक होते.

उतरताना रोपवे घेऊ नये, पायी उतरावे. पायऱ्या रुंद आणि कोरड्या दिवसांत सुरक्षित आहेत, झाडांची सावली बऱ्यापैकी आहे आणि सावकाश चालणाऱ्यालाही तासा-दीड तासाहून अधिक वेळ लागू नये. याच वाटेवर, उताराच्या खालच्या भागात, १९३६ च्या पहाटेचा दुसरा अर्धा भाग आहे. च्यांग कै-शेक ज्या खडकाच्या कपारीत दडला होता ती कपार दिसते. तेथे चढून जाण्यासाठी लोखंडी साखळ्या लावलेल्या आहेत आणि तरुण मंडळी त्या धरून वर जाऊन बघतात. खाली एक दगडी मंडप आहे. १९४६ साली तो च्यांगच्या गौरवासाठी बांधला गेला, १९४९ नंतर त्याला ‘च्यांगला पकडल्याचा मंडप’ असे नाव दिले गेले आणि १९८६ मध्ये ते बदलून सेनेने केलेल्या आग्रहाची आठवण सांगणारे सौम्य नाव ठेवले गेले. च्यांग १९४९ मध्ये तैवानला निघून गेला होता, आणि तैवानशी संबंध कसे बदलत गेले ते त्या एका मंडपाच्या नावांवरून वाचता येते. रोपवेने वर-खाली करणारे सगळे लोक हा मंडप चुकवतात.

अंधार पडल्यावर तलावावर यांग ग्वीफेईच्या कथेचा मोठा प्रयोग होतो. पर्वताचा उतारच पडद्यासारखा वापरून त्यावर ताऱ्यांसारखे दिवे लावलेले असतात आणि पाण्याखालून रंगमंच वर येतो. तांत्रिक बाजू अचूक आहे, नर्तकांची शिस्त पाहण्यासारखी आहे आणि भाषा न समजणाऱ्यालाही सगळे कळते. तिकीट महाग आहे, काहीशे युआन मोजावे लागतात, आणि चांगल्या जागा आधीच भरतात. सुमारे सत्तर मिनिटांचा हा प्रयोग दिवसभर डोंगर चढून आलेल्यांना थकवत नाही. त्यात बंडाची होरपळ अगदी थोडक्यात उरकून प्रेमाच्या स्वर्गीय भेटीवर सगळा भर दिला आहे. कवितेशी ते प्रामाणिक आहे, मावेईच्या दुर्दैवी बाईशी नाही. तरीही ज्यांनी दिवसा कुंडे नीट पाहिली आहेत त्यांनी तो अवश्य पाहावा. केवळ प्रयोगासाठी शिआनहून संध्याकाळी येणाऱ्यांना मात्र तो रंगीत दिव्यांचा खेळ एवढाच वाटण्याची शक्यता आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. परिसरातील उपाहारगृहांत शाकाहारी पदार्थ कमी आहेत आणि रश्श्यात मांसाचा अंश असू शकतो, म्हणून मेट्रो स्थानकाजवळच्या साध्या दुकानांत ल्यांगपी, म्हणजे व्हिनेगर आणि मिरचीच्या तेलात कालवलेल्या पिठाच्या थंड पट्ट्या, मागवाव्यात आणि मांस नको हे फोनवर चिनीत लिहून दाखवावे. लिन्तोंगची डाळिंबे प्रसिद्ध आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रवेशद्वाराबाहेर हातयंत्राने दाणे दाबून रस काढून देतात. तो गर्द लाल, किंचित तुरट आणि साखर न घालताही पुरेसा गोड असतो. यंत्रात सालीसकट फोडी टाकणाऱ्या गाडीवरून घेऊ नये, कारण मग कडवटपणा उतरतो. सर्वत्र मोबाइलने पैसे घेतात, त्यामुळे अलीपे किंवा वीचॅटला आपले कार्ड जोडून ठेवणे सोयीचे.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुट्टीचा असल्याने तो पूर्णपणे टाळावा. त्या दिवसांत रोपवेसाठी जेवढा वेळ रांगेत जाईल तेवढ्यात पायी वर पोचता येते. सप्टेंबरचा उत्तरार्ध, किंवा मार्चअखेरपासून एप्रिलपर्यंतचा काळ उत्तम. मातीचे सैनिक त्याच दिवशी उरकण्याचा मोह धरू नये. ते दुसऱ्या सकाळी करावेत आणि सैनिकांच्याच तिकिटात समाविष्ट असलेल्या मोफत बसने छिन शी हुआंगच्या थडग्याच्या बागेतही जावे. आदल्या दिवशी लीशान चढून आलेल्या माणसाला ते टेकाड नुसते टेकाड वाटत नाही.